साहेबाची शाळा आणि आत्याचं नाव

आमच्या घरात बारसं असो की तेरावं, जेवणं आटोपली की मला मध्ये बसवतात आणि म्हणतात, सांग रे एखादी गोष्ट. मी सांगतो. त्यातलं निम्मं घडलेलं असतं, उरलेलं समोरच्यांची तोंडं बघून मी घालत जातो. बायको म्हणते, "तुमच्या गोष्टींमध्ये आपलं लग्नसुद्धा दर वेळी वेगळ्याच गावाला लागतं." त्यामुळे आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहाल का, असं समितीच्या अध्यक्षांनी फोनवर विचारलं तेव्हा मी भलताच फुगलो. माझ्याआधी तिघांना विचारून झालं होतं आणि तिघांनीही गुडघेदुखीपासून अधिक महिन्यापर्यंत कारणं सांगून अंग काढून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

शाळा नाशकातली, जुन्या शहराच्या कडेला टेकाडावर. स्कॉटलंडहून आलेल्या एका पाद्री साहेबानं ती काढली. आम्ही तिथं शिकत होतो तेव्हा त्याचा फोटो हेडमास्तरांच्या खोलीत होता आणि ज्यांना त्या खोलीत जायची वेळ यायची त्यांनाच तो दिसायचा. मी पुष्कळदा पाहिला आहे.

इतिहासासाठी माझ्यापुढं दोन ठिकाणं होती. एक म्हणजे ऑफिसातलं लोखंडी कपाट. दुसरं म्हणजे त्याच कपाटात सापडलेलं एक बारीक इंग्रजी पुस्तक. तो होता साहेब स्वतः लहानपणी ज्या शाळेत शिकला त्या स्कॉटलंडमधल्या शाळेचा इतिहास. ती शाळा शेकडो वर्षं जुनी. आधी चर्चच्या आडोशाला भरायची, मग एका गिरणीशेजारी, मग एकदा जळाली, पुन्हा बांधली. मास्तरांना पगाराऐवजी कधीकधी धान्य मिळायचं. थंडीत प्रत्येक मुलानं शेगडीसाठी घरून जळण आणायचं असा नियम होता. ही आवृत्ती साहेब गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी तिकडून कुणीतरी भेट म्हणून पाठवलेली होती. ते पुस्तक वाचत गेलो तसं आमच्या शाळेबद्दल मला आजवर न उलगडलेलं बरंच काही उलगडलं. साहेबानं नाशकात नवीन शाळा बांधलीच नव्हती. त्यानं आपली जुनी शाळा आठवून आठवून पुन्हा उभी केली होती. आमच्या शाळेचं छप्पर असं अंगावर येईल इतकं उतरतं का, तर बर्फ घसरून पडावा म्हणून. नाशकात त्यावरून आजवर संक्रांतीचे पतंग आणि माकडं एवढंच घसरलेलं आहे. हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीत शेकोटीची जागा होती, धुराड्यासकट. सध्या तिथं मतदार याद्यांचे गठ्ठे असतात.

घंटेची पद्धतही तिकडचीच. घंटा शिपायानं द्यायची नाही, मुलांनी पाळीनं द्यायची. पटावरच्या क्रमानं रोज एकाचा नंबर. त्या दिवशी ते पोरगं घड्याळावर नजर ठेवून बसायचं, ते काही शिकायचं नाही आणि मास्तरही त्याला काही विचारायचे नाहीत. माझा नंबर आला तेव्हा मी मधल्या सुट्टीनंतरची घंटा द्यायला विसरलो होतो. इतिहासात मी हे घातलेलं नाही.

आता आत्या. माझ्या वडिलांची मोठी बहीण, लासलगावला दिलेली. घर बाजार समितीच्या पलीकडे, त्यामुळे तिचा फोन आला की आधी ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येतो, मग तिचा. आजोबा शाळेच्या शेवटच्या स्कॉटिश साहेबाच्या, म्हणजे तेव्हाच्या हेडमास्तराच्या, बंगल्यावर माळी होते. त्या साहेबानं मुलांच्या शाळेत मुली घ्यायचं ठरवलं तेव्हा कुणी मुली देईना. तेव्हा गुलाबाला पाणी घालणाऱ्या आजोबांना त्यानं विचारलं, तुमची मुलगी पाठवता का. साहेबाला नाही म्हणायची आजोबांना सवय नव्हती. आत्या गेली. अशा पाच-सहा जणी होत्या, त्यातली ती एक.

पुढं आठवीत तिनं घंटा दिली, ही आमच्या घरातली सगळ्यात गाजलेली गोष्ट. गाजवली अर्थात मीच. माझ्या गोष्टीत ती पेरू खायला जायचं म्हणून तास अर्धा असतानाच घंटा वाजवते, सगळी शाळा दप्तरं उचलून गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, दिशेनं पळत सुटते आणि साहेब हॅट धरून मागं धावतो. वीस वर्षं सांगतो आहे. लोक हसतात, आत्याही हसते.

स्मरणिकेत 'शाळेच्या पहिल्या मुली' असं एक पान करायचं ठरलं. ही बातमी मीच आत्याला दिली. तिकडून ट्रॅक्टर गेला, मग ती म्हणाली, "माझं नाव छापून येईल?"

"येणारच की."

"मग दोन पुस्तकं दे मला. माझ्या सुना म्हणतात, आत्याबाई काय, रोज नवी टेप लावतात. म्हणे इंग्रज साहेबाच्या शाळेत होत्या. यांना बघू दे एकदा छापलेलं."

आत्याला एवढंच हवं होतं. आणि माझ्यासारखा इतिहासकार घरात असताना ते मिळणार नाही असं कुणाला वाटलं असतं?

अध्यक्षांनी मात्र पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "रजिस्टरला नोंद असेल तरच नाव. मागच्या स्मरणिकेत एक जण घुसला होता. तो शाळेसमोर भेळेची गाडी लावायचा, शाळेत कधी नव्हता." यावर कुणी काही बोललं नाही, कारण ती भेळ सगळ्यांनी खाल्लेली होती.

मी ऑफिसात गेलो. तिथले क्लार्क हरसूलकडचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. जुनी जनरल रजिस्टरं कापडात बांधून ठेवलेली. त्यांनी कापड सोडलं, पण हात लावू दिला नाही.

"पानं तुटत्यात सर. आधी सूचीत बघायचं, नंबर काढायचा, मग तेवढंच पान उघडायचं. साहेबापासून असंच हाय."

सूची म्हणजे वेगळी वही, मुलाच्या पहिल्या नावाच्या अक्षरावरून लावलेली. माझी हुशारी बघा. लासलगावचं आडनाव तिथं नसणार, आपलं आडनाव बघायला हवं, हे मला बरोबर सुचलं. ऐटीत क्लार्कना सांगितलं, "लग्नाआधीची नोंद आहे, आमचं आडनाव बघा." त्यांनी आत्याचं अक्षर काढलं. त्या नावाच्या तीन मुली निघाल्या, पण तिघींच्या बापांची नावं वेगळी, आडनावं वेगळी. आधीची वही पाहिली, नंतरची पाहिली. दोन दिवस मी त्या धुळीत शिंकत बसलो.

"नाय हो सर," क्लार्क शेवटी म्हणाले. "असतं तर सूचीत असतंच."

मी आत्याला फोन केला. अशा वेळी माझ्या तोंडातून नेमकं नको तेच निघतं. मी म्हणालो, "आत्या, तू खरंच त्याच शाळेत होतीस ना?"

मागं कुणीतरी कांद्याच्या गोण्यांवरून ओरडत होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "काढलं म्हणजे त्यानं."

"कुणी? काय काढलं?"

"साहेबानं. नाव काढून टाकलं माझं. म्हणाला होता तो."

मग तिनं घंटेची गोष्ट सांगितली. वीस वर्षं मी तिला तिचीच गोष्ट ऐकवत होतो आणि तिची बाजू मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पेरू वगैरे काही नव्हता. पाळी पटावरून यायची, पण मास्तर मुलींची नावं आली की गाळून पुढं जायचे. पोरींनी एवढी जड दोरी ओढायची कशाला, म्हणून. आत्यानं सबंध वर्ष वाट पाहिली. मग एक दिवस तिच्या नंबराच्या पुढच्या मुलाला घंटेला बोलावलं, तेव्हा ही उठली आणि त्याच्याआधी जाऊन दोरी ओढून आली. घंटा वेळेवरच झाली होती. तास संपायचाच होता.

"कुणी वाजवली म्हणून साहेबानं विचारलं. मी म्हणाले, मी. तो कुत्र्यालासुद्धा तुम्ही म्हणायचा. मला म्हणाला, मी तुमचं नाव रजिस्टरातून काढून टाकणार आहे. मला वाटलं, रागाच्या भरात बोलला असेल. पुढं वर्षभर शाळेत बसू दिलं की मला. पण काढलं असणार. शब्दाचा पक्का होता तो."

"आत्या, असं कुणी करत नाही."

"मग कुठं गेलं?" ती म्हणाली. "राहू दे. नको लिहू माझं काही. आणि सुनांना सांगू नको."

नंतर दोन दिवस तिनं फोन उचलला नाही. एरवी ती मिस्ड कॉलवरसुद्धा उलट फोन करते आणि मग तासभर बोलते. शुक्रवारी मजकूर छापखान्यात द्यायचा होता. पहिल्या मुलींचं पान मी तिच्याशिवाय तयार केलं आणि ते नुसतं पुढं ठेवून बसलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या डोक्यात, शाळेनं आपल्याला पुसून टाकलं असं भरवून देणारा मी, आणि वर तिच्याच नावानं टाळ्या घेणारा.

बायको बँकेतून येऊन चहा पीत ते स्कॉटलंडचं पुस्तक चाळत होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. मी वाचताना बर्फ, आग, गिरणी अशी मजेमजेची पानं पाहिली होती, ती मात्र शेवटच्या याद्यांवर थांबली.

"यांच्याकडेही मुली उशिराच घेतलेल्या दिसतात," ती म्हणाली. "आणि यादी बघा कशी केलीय. आधी शाळेतलं नाव, मग खाली बारीक अक्षरात लग्नानंतरचं." थोडं थांबून तिनं विचारलं, "आत्यांचं शाळेतलं नाव काय होतं?"

"काय म्हणजे? आत्याचं जे नाव आहे तेच."

"ते सासरचं असेल ना. पहिलं नाव बदललं नव्हतं का त्यांचं?"

"पहिलं नाव कसलं बदलतंय?" मी म्हणालो.

"अहो, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात ते! तुम्ही नाही का चार दिवस विचार करून माझं नवीन नाव काढलंत? ते तुमच्या आईशिवाय कुणी कधी वापरलं नाही ते सोडा. पण माझ्या शाळेत जाऊन ते नाव शोधाल, तर मीही सापडणार नाही."

आडनाव बदलायचं मला सुचलं होतं. पहिलं नावही बदलतं, हे स्वतःच्या हातानं तांदळात लिहूनसुद्धा मला सुचलं नव्हतं. आणि खरी लाज पुढंच होती. आत्याचं माहेरचं नाव मला ठाऊकच नव्हतं. वडील तिला ताई म्हणायचे. आजोबा पोरी म्हणायचे. आजी तर "ए" एवढंच. आम्हा सगळ्यांची ती आत्या. वडील आता नाहीत. विचारणार कुणाला? तिलाच.

बायकोच्या फोनवरून लावला म्हणून तिनं उचलला. मी म्हणालो, "आत्या, फक्त एक सांग. तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

मागं भांडी घासल्याचा आवाज येत होता, म्हणजे सुना आसपास होत्या.

"कशाला तुला?"

"सूचीत बघायचंय. मी चुकीच्या अक्षराखाली शोधलं."

भांड्यांचा आवाज लांब गेला, ती फोन घेऊन बाहेर आली असावी.

"फोनवर नको," ती म्हणाली. "येते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीनं आली. सीबीएस स्टँडवर उतरली तेव्हा इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी कांदे. नाशकात कांदे मिळत नाहीत असा तिचा ठाम समज आहे. रिक्षात तिनं फक्त एवढंच विचारलं, "नसलं तर?" मी रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागलो. या बाबतीत मी आजवर पुरेसं बोललो होतो.

ऑफिसात क्लार्कनी तिला खुर्ची दिली आणि सूची काढली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू जरा बाहेर उभा राहा."

"अगं, मी तुझा भाचा."

"म्हणूनच."

दाराबाहेर उभं राहून मी आतलं बघत होतो. ती पुढं झुकली आणि क्लार्कच्या कानाजवळ काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली, बोट पानावरून खाली गेलं, थांबलं. एवढंच. माझे दोन दिवस, त्यांचं एक मिनिट. मग त्यांनी कापडातून एक रजिस्टर उचललं, दोन्ही हातांनी उघडलं आणि तिच्यापुढं वळवलं.

"या सर आता," त्यांनी हाक मारली. "सापडल्या आजी."

नोंद होती. आजोबांचं नाव, आमचं आडनाव, आणि त्यांच्याआधी एक नाव, जे मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. आत्या ओळीवरून बोट फिरवत होती. ते नावावर येऊन थांबलं, आणि तिचा चेहरा उतरला. नावावर लाल शाईची तिरकी रेघ होती.

"बघ," ती म्हणाली. "मारली की नाही रेघ."

"ओ आजी, ती सगळ्यांनाच असती," क्लार्क म्हणाले. "शाळा सोडली का मारत्यात. ही खालची बघा. ही वरची. हे मोठे वकील झाले, त्यांना पण हाय."

आत्यानं विश्वास ठेवला नाही. तिनं चष्मा सारखा केला आणि ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, पुढचं पान. क्लार्कनी कुठलीही कुरकुर न करता पुढचं पान उलटलं. तिनं तेही पाहिलं. सगळ्या नावांवर रेघा होत्या.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि खुर्चीत मागं टेकली.

त्यानंतर ती उरलेले रकाने वाचायला मोकळी झाली. जन्मतारीख एक जून.

"ही काय तारीख? मी श्रावणातली आहे."

"तेव्हा सगळ्यांना एक जूनच लावायचे आजी. शाळा जूनमध्ये सुरू, तर पोरगंही जूनमध्येच."

शाळा सोडण्याचं कारण, लग्न. तिचं बोट तिथून लगेच पुढं सरकलं. अभ्यास, चांगला. वर्तणूक, बरी. इथं तिनं वरच्या-खालच्या ओळी पुन्हा तपासल्या. सगळ्यांची चांगली होती, हिचीच बरी.

"नाव काढलं नाही, पण राग ठेवला म्हणायचा," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्याला लावला, आणि मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला घेतलं.

परतताना मी उत्साहात होतो. म्हटलं, "उद्याच छापखान्यात देतो. आधी तुझं हे नाव, खाली आताचं. स्कॉटलंडच्या पुस्तकात केलंय तसं. सुनांना दाखव."

"नको."

"काय नको?"

"आताचं नको खाली. वरचंच दे फक्त."

"अगं, पण मग ती तू आहेस हे कुणाला कळणार? तुझ्या पोरांनाही ते नाव ठाऊक नाही."

"नाहीच ठाऊक. ते नाव मी त्या घरात नेलंच नाही. तुझे आतोबा लग्नात तांदळात लिहून मोकळे झाले, मी तिथंच सोडून आले." तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. "शाळेत गेली ती त्या नावाची. तुझी आत्या नाही गेली. आणि तू आता ही गोष्ट बनवून सगळ्यांना सांगत फिरू नको."

"अजिबात नाही," मी म्हणालो. नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बाकीचं लिहायला तिनं आता परवानगी दिली आहे, नाव वगळून.

अध्यक्षांना नोंदीचा फोटो दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि नाव त्या पानावर तिसऱ्या क्रमांकाला लागलं.

स्मरणिका निघाली तशी मी दोन प्रती घेऊन लासलगावला गेलो. जेवायला सगळे होते. माझ्या आत्तेभावानं हात धुण्याआधीच पुस्तक उघडलं आणि पहिल्या मुलींचं पान काढलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"कसला इतिहास लिहितोस रे तू?" तो म्हणाला. "आईचं नाव कुठंय?"

"राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं म्हणजे? एका पानावर सहा नावं, त्यातलं नेमकं आमचंच राहिलं?"

धाकटी सून म्हणाली, "दादा, आत्याबाई आठ दिवस वाट बघतायत हो."

"त्याला ओरडू नका," आत्या म्हणाली. ती माझ्या ताटात पिठलं वाढत होती. "त्याला काय कळतंय इतिहासातलं. कुणाची आहेत ती नावं, वाच बरं."

आत्तेभाऊ अजून तापलेला होता. तरी त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. घाईघाईत तो चौथ्यावर गेला.

"थांब," आत्या म्हणाली. पळी पातेल्यात तशीच होती. "तिसरं काय म्हणालास? मला नीट ऐकू आलं नाही."

त्यानं पुन्हा वाचलं.